अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत



दशलक्षण पर्व तोंडावर आलं की आपल्या मंडळात एक विषय हमखास निघतो. यंदाचा दानाचा निधी कुठे लावायचा? परवाच्या बैठकीत दोन सूचना आल्या. पहिली दरवर्षीचीच, पन्नास मुलांना किट. दप्तर, वह्या, कंपासपेटी, पाण्याची बाटली. दुसरी नवी होती. आपल्याच तालुक्यातल्या एका गावात दोन भावंडं आहेत. आई-वडील दोघंही राहिले नाहीत, म्हाताऱ्या आजीजवळ असतात. त्यांना शहरातल्या एखाद्या वसतिगृहात पोचवून द्यावं, पुढचं ते लोक बघतील, असं दोघी-तिघींचं म्हणणं पडलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण "पुढचं ते लोक बघतील" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची म्हणून बैठक आटोपती घेतली, बोलणं राहून गेलं. ते इथे लिहिते. मला दोन्ही सूचना पटलेल्या नाहीत.

वसतिगृहाची गोष्ट निघाली की आपल्या समाजात किल्लारीचं नाव येतंच, आणि यायलाच हवं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणजे आपल्या दशलक्षणाचा शेवटचा दिवस. गावोगावी गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं उद्ध्वस्त झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तिकडची घरं दगडमातीची, जाड भिंतींची, वर मातीचं माळवद. ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. वाचलेले लोक पुढे कित्येक महिने छपराखाली झोपायला घाबरत होते.

शांतिलाल मुथ्था यांनी पुण्यात १९८५ साली सुरू केलेली भारतीय जैन संघटना तोवर सामूहिक विवाहांसारख्या कामांसाठी ओळखली जायची. भूकंपानंतर संघटनेने त्या भागातली सुमारे १२०० मुलं पुण्याला आणली आणि त्यांच्या राहण्याची, जेवणाची, शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभं राहिलं. पुढे तिथे मेळघाटातली आदिवासी मुलं शिकली, नंतर आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरची मुलं आली. त्याच भूकंपानंतर पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभं केलं. तिथे मुलं आपल्याच मुलखात, आपल्याच बोलीत वाढली. ही दोन्ही कामं मला फार मोठी वाटतात.

पण आपण त्यातलं नेमकं काय लक्षात ठेवतो? मुलं पुण्याला आणली, एवढंच. अहो, आणणं हे काही दिवसांचं काम होतं. पहिलीतलं पोर दहावीला न्यायला दहा वर्षं लागतात. त्या दहा वर्षांत बाराशे मुलांचा रोजचा स्वयंपाक, तापाची औषधं, रात्री किंचाळत उठणाऱ्या लेकराजवळ बसणारं कुणीतरी, शिक्षकांचे पगार, दिवाळीला गावी जाण्याची सोय, आणि कुणाला जायला घरच उरलं नसेल तर त्या सुट्टीचं काय करायचं हा प्रश्न. वर्तमानपत्रवाले परत गेल्यावरही हे सगळं चालूच राहावं लागतं. मुख्य म्हणजे त्या मुलांची गावंच ढिगाऱ्याखाली होती. शाळा पडलेली, घर पडलेलं. तिथून हलवण्याला कारण होतं.

आपल्या तालुक्यातल्या त्या दोन भावंडांचं घर पडलेलं नाही. आजी आहे, शाळा आहे, शेजारी काकू आहे. मग त्यांना उचलून न्यायचं कशासाठी? वसतिगृहाला देणगी देणं आपल्याला सोपं जातं म्हणून?

परदेशातली एक गोष्ट सांगते. हैती नावाच्या देशात जानेवारी २०१० मध्ये मोठा भूकंप झाला. अमेरिकेतून चर्चची दहा माणसं तिथे गेली आणि ३३ मुलांना बसमध्ये घालून सीमेपलीकडे न्यायला निघाली. अनाथ आहेत, त्यांना चांगल्या ठिकाणी ठेवू, असं त्यांचं म्हणणं. सीमेवर अडवलं, अटक झाली. चौकशीत निघालं काय, तर बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. गरिबीमुळे, मूल शिकेल या आशेने त्यांनी पाठवलं होतं. त्याआधी २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने आचे प्रांतातून लहान मुलांना बाहेर न्यायलाच बंदी घातली होती, ती याच भीतीने. संकटात मुलाचा हात धरायला पुष्कळ जण येतात, आणि त्यातल्या प्रत्येकाचा हेतू तपासायला त्या वेळी कुणाला सवड नसते.

आपल्याकडेही २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात काय झालं ते आठवा. करोनाने आई-वडील गेलेल्या तान्ह्या बाळांना दत्तक घ्या, असे निरोप फोन नंबरसकट आपल्या ग्रुपवर फिरत होते. माझ्याकडेच तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आले. शेवटी सरकारला जाहीर सांगावं लागलं, की असं मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे. मूल एकटं पडलं असं कळलं तर १०९८ वर फोन करायचा. पुढचा निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती घेते आणि दत्तक द्यायचं झालं तर ते केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या नियमानेच होतं. २०१५ चा बाल न्याय कायदा तर स्पष्टच सांगतो, मुलाला संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. आधी त्याचं कुटुंब, मग नातेवाईक, मग दुसरं कुटुंब. म्हणजे ती दोन भावंडं कुठे राहणार हे ठरवण्याचा अधिकार आपल्या मंडळाला मुळात नाहीच.

घर सुरक्षित नसेल, दारू आणि मारहाण असेल, मुलीवर वाईट नजर असेल, तर संस्थाच बरी. तिथे आजीचं प्रेम वगैरे बोलून चालणार नाही. पण तेही समितीने बघून ठरवायचं.

साकोलीतली संकटं किल्लारीसारखी एका पहाटेत येत नाहीत. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या घरांसमोरच्या महामार्गावरून छत्तीसगडकडे चालत जाणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत. कडेवर लेकरू, डोक्यावर बोचकं. आपण पोळ्या, पाणी, चपला दिल्या, आणि ते आपल्या वळणापलीकडे गेले. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला, भंडारा, पवनी, लाखांदूरकडची घरं पाण्यात गेली. नऊ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली. त्या आयांना काय म्हणावं, मला आजही शब्द सुचत नाहीत. मग करोनाची दुसरी लाट. आणि बातमी न होणारं तर सतत चालूच असतं. महामार्गावरचा अपघात, धानाचं गेलेलं पीक, कर्ज, सिकलसेलचं दुखणं. त्या प्रत्येक घरात मागे एखादं मूल राहतं आणि ते मूल कुणीतरी आजी, मामी, मोठी बहीण सांभाळत असते. या सांभाळणाऱ्या बाईला मदत करणं हे आपलं काम, असं मला म्हणायचं आहे.

त्यासाठी सरकारची एक योजना आहे. बालसंगोपन योजना, हल्ली तिला सावित्रीबाईंचं नाव दिलं आहे. आई-वडील दोन्ही नसलेल्या किंवा एकच पालक उरलेल्या मुलाला नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात राहून अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत महिन्याला २२५० रुपये मिळतात. आधी ११०० होते. करोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याची पाच लाखांची ठेव होती, तिची चर्चा पुष्कळ झाली. पण ज्यांचा एकटा बाप गेला, किंवा जे करोनाने न जाता अपघाताने गेले, त्यांच्या मुलांना आधार याच योजनेचा. सहा वर्षांच्या मुलाचं गणित मांडून बघा. वर्षाला २७,०००, बारा वर्षांचे ३,२४,०००. आपण दिलेलं दप्तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फाटतं.

मग हे पैसे सगळ्यांना का मिळत नाहीत? कागद! दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका आजीबरोबर फिरले, म्हणून सांगते. मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, घरासमोर उभं राहून मूल आणि सांभाळणाऱ्याचा फोटो. यादी वाचायला सोपी आहे. पण बापाचं नाव आधारवर एक, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं. आजीचं आडनाव रेशनकार्डावर माहेरचं. बँकेत खातं काढायला गेलो तर अंगठा मशीनवर उमटेना, आयुष्यभर चिखलात रोवणी करून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. एका खिडकीवर सांगितलं उद्या या, दुसऱ्या दिवशी गेलो तर साहेब मीटिंगला. साकोलीहून भंडारा चाळीसेक किलोमीटर. आजीचं येणं-जाणं म्हणजे तिकिटाचे पैसे आणि वर रोवणीच्या दिवसातली एक मजुरी बुडाली. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "राहू द्या ताई, पोराले मी मिठ-भाकर खाऊ घालीन." मी अर्ज सोडला नाही कारण मला मजुरी बुडायची नव्हती. फरक तेवढाच होता. पहिला हप्ता खात्यात पडायला आठ महिने लागले.

आठ महिने म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, मग मधल्या काळात ते पोर खाणार काय? हाच तर माझा मुद्दा आहे. तिथे आपला निधी लागतो. मंजुरी येईपर्यंत, आणि मंजुरीनंतरही. कारण दरमहा म्हटलं तरी पैसे दरमहा येतातच असं नाही, कित्येकदा चार-सहा महिन्यांचे एकदम येतात. सावकाराकडे किंवा किराणा दुकानात उधारी वाढते ती याच मधल्या महिन्यांत. किटसाठी गेल्या वर्षी आपले तीस हजारांच्या आत-बाहेर गेले. दोन मुलांना महिन्याला दीड हजार दिले तर वर्षाचे ३६,००० होतात. थोडी वर्गणी वाढवली तर सहज जमेल. त्यांची योजना सुरळीत सुरू झाली की पुढची दोन मुलं. पण आधीच्या मुलांचा हात सोडायचा नाही. दरवर्षी कागद पुन्हा दाखवावे लागतात, शाळा बदलते, पत्ता बदलतो. अठरा होईपर्यंत एकीने तरी त्या मुलाचा हिशेब ठेवायचा. "आम्ही पाच मुलं दत्तक घेतली" असं म्हणून एका वर्षाची फी भरायची आणि पुढच्या वर्षी विसरायचं, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. दुसऱ्या जूनला ते मूल वाट बघत असतं हो.

आता तुमच्या मनातल्या दोन शंका. मला त्या चहा पिताना बोलून दाखवल्या गेल्या आहेत, म्हणून इथेच घेते.

पहिली, ती आजी पैसे मुलावरच खर्च करेल कशावरून? घरात कुणी पीत असेल तर? शंका खोटी नाही. पण आपल्याकडे पात्रदान वेगळं आणि करुणादान वेगळं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुनी, आर्यिका, श्रावक-श्राविका यांना देताना पात्र बघायचं. दुःखात पडलेल्या जिवाला देताना त्याची लायकी तपासत बसायला कुठल्या आचार्यांनी सांगितलं आहे? मुंगीला साखर घालताना आपण तिचा स्वभाव विचारत नाही. काळजी घ्यायची तर व्यवहाराने घ्या. महिन्यातून एकदा घरी जा, मुलाची वही बघा, वजन बघा, शाळेत बाईंना भेटा. महिन्यातून एकदा आपल्यातली कुणी दारात आली की पिणाराही जरा वचकून असतो, हा माझा अनुभव.

दुसरी, आपल्या समाजाची मुलं आधी का नाहीत? आधी, नंतर असं काही नाही. साधर्मींसाठीचा निधी वेगळा आहे, तो तसाच राहू दे. साकोलीसारख्या गावात आपली घरं मोजकी, आणि आपली दुकानं ज्यांच्या खरेदीवर चालतात ती माणसं याच गावांतली. किल्लारीच्या मुलांना वाघोलीत आणताना कुणी जात विचारली नव्हती. म्हणून तर आपण ते नाव अभिमानाने घेतो ना?

फोटोचंही बोलून टाकते, म्हणजे पुन्हा वाद नको. किटवाटपाच्या वेळी मुलांना रांगेत उभं करून मागे मंडळाचं बॅनर, आणि संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर फोटो, ही पद्धत बंद करायला हवी. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला किंवा प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणूनच मी वर त्या भावंडांचं गाव लिहिलं नाही. कायद्याचं सोडा. आपल्या नातवाचा फोटो "अनाथ मुलास मदत" अशा ओळीखाली कुणी टाकला तर आपल्याला कसं वाटेल? वर्गातल्या पोरांच्या घरीही मोबाईल असतात. दुसऱ्या दिवशी ते पोर त्याच वर्गात बसतं.

त्या दोघांतली थोरली मुलगी आहे, आठवीत. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला खरी काळजी तिची आहे. आजी थकली की गावातली माणसं काय सुचवतात ते तुम्हाला माहीत आहे. "चांगलं ठिकाण आहे, देऊन टाका." पंधरा-सोळाव्या वर्षी. आजी दुष्ट असते म्हणून असं होत नाही. आपल्यामागे हिचं काय, या भीतीने ती तयार होते. त्या घरात महिन्याला थोडे पैसे येत असतील, ते मुलीच्या नावाने आणि तिच्या शाळेच्या बोनाफाईडवर येत असतील, आणि दर महिन्याला गावातल्या दोन बाया येऊन "अभ्यास कसा चाललाय गं?" असं विचारत असतील, तर ते लग्न ठरायला जरा अवघड जातं. आपल्या चार दानांत अभयदान सगळ्यात श्रेष्ठ मानलं आहे. आपण ते बहुतेक वेळा कसायाकडून सोडवलेल्या बकऱ्याच्या संदर्भात ऐकतो. आठवीतल्या मुलीला, उद्या मला इथून कुठे पाठवणार नाहीत, माझी शाळा सुटणार नाही, एवढं पक्कं ठाऊक असणं, हेही मी त्यातच धरते. तुम्ही धरता की नाही, सांगा.

येत्या रविवारी दुपारी तीनला बैठक आहे, म्हणजे सूर्यास्ताची घाई होणार नाही. मी योजनेचे कोरे अर्ज आणि कागदांची यादी झेरॉक्स करून आणते. आपल्यापैकी जिचे यजमान किंवा मुलगा तहसीलच्या कामांत जाणते आहेत, तिने उत्पन्नाच्या दाखल्याचं विचारून ठेवावं. निवृत्त शिक्षिका असलेल्या दोघी आहेत, त्यांनी शाळेचं बघावं. मात्र वसतिगृहाबद्दल मुलांसमोर किंवा गावात कुणाजवळ अजून काही बोलू नका. आजीला अजून कुणी विचारलेलंच नाही. तिला भेटायला माझ्याबरोबर एकजण हवी आहे. सकाळी सातच्या आत निघावं लागेल, त्यानंतर ती निंदणीला जाते.